मित्तूची बातमी

माझी मुलगी मुकी नाही, हे मी गेल्या वर्षभरात इतक्या लोकांना सांगितलं की शेवटी एक पाटी लिहून तिच्या गळ्यात अडकवावी असं वाटायला लागलं होतं.

संघमित्रा तिचं नाव. आमची मित्तू. घरी ती झोपेतही बडबडते. दुधाची पिशवी फुटली, शेजारच्या काकूंनी केस रंगवले, कुकरची शिट्टी आज बारीक झाली, सगळ्याचं धावतं वर्णन चालू असतं. पण खासगी शाळेतल्या गुळगुळीत टेबलासमोर बसवली की तोंडाला कुलूप. तीन शाळा झाल्या. तिन्हीकडे "इंटरव्ह्यू नाही हो, नुसत्या गप्पा" असं सांगून बोलावलं. तिन्हीकडे एक बाई कार्ड धरून विचारायच्या, "बाळा, हा कोणता रंग?" आणि बाळ छताकडे बघत बसायचं. मग मी म्हणायचे, "घरी खूप बोलते हो ती." त्यावर त्या बाई अशा काही गोड हसायच्या की अजून आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

पण खरं सांगते, डोकं फिरायचं त्याच्या दुप्पट मला भीती वाटायची. पोरीत काही कमी असलं तर? कुठेच तोंड उघडलं नाही, तर वर्गात ती बाकावर ठेवलेल्या दप्तरासारखी नुसती बसून राहणार?

उरली होती आमच्या दहिसरच्या गल्लीच्या टोकाची पालिकेची शाळा. मी नाक मुरडलं. तर आमचे सासरे, भीमराज, पालिकेच्या पाणी खात्यातून रिटायर झालेले, ते जेवता जेवता खवळले. "विशालला मी ह्याच शाळेत घातला होता. वाया गेला काय तो?"

मी नवऱ्याकडे बघितलं आणि भाजी वाढली.

"अगं, बघायला काय जातंय?" विशाल म्हणाला. "नाही आवडली तर नाही."

"बघायचीच," मी म्हटलं. "पण ह्या वेळी आपण इंटरव्ह्यू द्यायचा नाही. घ्यायचा. एकेक गोष्ट तपासायची."

एवढं ठरवूनही सकाळी विशालने सवयीने इंटरव्ह्यूचाच निळा शर्ट घातला. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "या, बसा ना." झालं, ह्याची टेप सुरू. "आमचा होलिस्टिक डेव्हलपमेंटवर विश्वास आहे." तीन शाळांसाठी घोकलेलं वाक्य, ते जाणार कुठे?

"चांगलंय," बाई म्हणाल्या. "पाणी घेणार?"

"मी पाणीच बघायला आलोय," आमच्याबरोबर आलेले सासरे, म्हणजे बाबा, म्हणाले आणि उठून चालायला लागले. बाबांच्या मते शाळा कशी आहे हे कळायला फक्त तिचे नळ सोडून बघावे लागतात. बाकी सगळं रंगरंगोटी.

बाईंनी मोकळ्या मनाने हात पसरले. "सगळी शाळा फिरा. वर्गात बसा. काय विचारायचं ते विचारा." आणि काय सांगू, मला एक प्रश्न सुचेना! वर्षभर उत्तरांचीच तयारी केलेली. शेवटी मी "पंखे चालतात का?" असं विचारलं, तेही आमच्या डोक्यावर पंखा गरगरत असताना. विशाल खोकला दाबायला लागला. मी त्याला कोपराने ढोसलं.

बालवाडीचा वर्ग कोपऱ्यात होता. टीचर अगदी तरुण, ऋतिका नावाची, बोलण्यात मालवणी हेल. तिने आम्हाला दोन लाल प्लास्टिकच्या चिमुकल्या खुर्च्या दिल्या. मी बसले, म्हणजे स्वतःला त्यात कोंबलं. मित्तू माझ्या गुडघ्याला चिकटून उभी.

"चला रे, बातम्या!" टीचर ओरडली.

त्या वर्गाची ही रोजची पद्धत. प्रत्येकाने एक बातमी सांगायची. कुणालाच माहीत नसलेली असली तर टीचर फळ्यावर तिचं चित्र काढणार. आणि आधीच माहीत असलेली असली, तर सगळी पोरं मिळून बोंबलणार, "शिळी!"

विकी नावाचा एक मुलगा उठला. "आमच्या मांजरीला पिल्लं झाली."

"शिळी!" छप्पर उडेल असा आवाज. त्याने म्हणे ती कालही सांगितली होती. मग केयूरने हलणारा दात बोटाने हलवून दाखवला. तो ताजा निघाला. फळ्यावर भलामोठा दात आला आणि केयूर असा बसला की जणू पेपरात नाव छापून आलंय.

मग टीचर आमच्याकडे वळली. "तुझ्याकडे काय आसा गो?"

मित्तूने मान वर केली. छताकडे. मी सवयीने तोंड उघडलं, "घरी खूप..."

"माझे आजोबा तुमच्या शाळेचे सगळे नळ उघडून बघतायत," मित्तू म्हणाली.

मग अख्खा वर्ग खिडकीवर. बाहेर बाबा एका नळासमोर वाकून त्याच्याशी काहीतरी बोलत होते, सदरा छातीपर्यंत भिजलेला. आम्हाला बघून त्यांनी अंगठा वर केला. "सपना, प्रेशर बघ, प्रेशर! झकास!"

"ताजी!" पोरं किंचाळली. टीचरने फळ्यावर एक नळ काढला आणि त्याच्यापुढे एक भिजलेले आजोबा.

आणि मग आमचा नळ सुटला. मित्तू फळ्यापाशी जाऊन उभी राहिली आणि थांबेचना. पप्पा दाढी करताना आरशाला होलिस्टिक म्हणतात. ताजी! हा शर्ट त्यांचा इंटरव्ह्यूचा आहे, पण तो चालत नाही. ताजी! आई म्हणाली, पालिकेची शाळा बघायला चाललोय, हे खालच्या काकूंना सांगू नकोस. ताजी, ताजी! मी त्या चिमुकल्या खुर्चीत आणखी लहान व्हायचा प्रयत्न केला. लाजेने कान तापले होते आणि हसून हसून पोट दुखत होतं, आणि त्यातलं आधी कशाकडे बघावं तेच कळत नव्हतं. विशालने तर रुमालात तोंड घातलं होतं.

शेवटी मला राहवेना. "मित्तू, मग त्या शाळेत का नाही गं बोललीस? बाईंनी रंग विचारला, तुला येत होता ना?"

"त्यांना पण येत होता," मित्तू म्हणाली. "लाल. त्यांची साडीच लाल होती."

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "शिळी!"

तिला जे तीन शाळांना सांगता आलं नव्हतं, ते ह्या पोरांना एका दमात कळलं होतं. पोरीत काही कमी नव्हतं. समोरच्याला माहीत असलेलं त्यालाच परत कशाला सांगायचं, एवढाच तिचा प्रश्न होता, आणि तो मला कधी सुचला नव्हता. मी हसत होते तशीच रडायला लागले. मला तिचा इतका अभिमान वाटला की त्या तिन्ही शाळांच्या बाईंना फोन लावावासा वाटला.

"पाहुण्यांची बातमी!" केयूर ओरडला. पाहुण्यांनाही सुटका नव्हती.

विशाल उभा राहिला, घसा साफ केला. घाबरला की ह्याला दुसरं काही आठवतच नाही. "आमचा होलिस्टिक..."

"शिळी!"

तेवढ्यात बाबा पाणी गळत दारात आले. "नळ सगळे एक नंबर..."

"शिळी!"

"आता काकू!"

माझ्याकडे बातमी होती. एकदम ताजी, अजून नवऱ्यालाही न सांगितलेली. माझी मुलगी ह्याच वर्गात येणार, आणि खालच्या काकूंना मी स्वतः दार वाजवून सांगणार. मी उठले, तर खुर्चीही माझ्याबरोबर उठली. पोरं लोळायला लागली, मग टीचरने हात वर केला आणि सगळी चिडीचूप झाली. सगळे डोळे माझ्यावर. मी एक शब्द बोलू शकले नाही. छताकडे बघत राहिले.

"टीचर, ह्यांना बोलता येत नाही का?" विकीने विचारलं.

मित्तू पुढे आली. तिने माझा हात धरला, टीचरकडे बघितलं आणि अगदी माझ्या आवाजात समजावलं,

"घरी खूप बोलते हो ती."