मुराळ्याला परत पाठवत नाहीत

अंगणवाडीच्या ओट्याला लागून हौद आहे आणि त्याला झाकण नाही. प्रकल्पाच्या कागदावर मी एवढंच लिहिलं होतं. रुपचंद सरांनी ते वाचलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

आम्ही जळगावला जनसंवादाच्या पहिल्या वर्षाला. पेपरचं नाव सर्जनशीलता आणि समस्या निराकरण. प्रत्येकानं संवादातली एक अडचण शोधायची, सोडवून दाखवायची, अहवाल द्यायचा. वर्गातल्या पोरांनी मोबाइलचं वेड, प्लास्टिक असं काहीबाही धरलं होतं. ती बारावी होऊन आलेली, मी बी.कॉम. करून लग्न झालेली, तीन वर्षांची लेक मागे ठेवून अमळनेरहून गाडीनं येणारी.

सर म्हणाले, हौद हा बांधकामाचा प्रश्न आहे, संवादाचा नाही. मी म्हटलं, झाकणाचा ठराव महिला ग्रामसभेत करायचा तर बायका येत नाहीत, सभा तहकूब होते. मग बायका का येत नाहीत हा कुठला प्रश्न? यावर ते म्हणाले, गावचं राजकारण अंगावर येईल, तुम्ही सासरी राहता, स्वच्छतेवर एक छान पोस्टर करा, मार्क सुरक्षित राहतील.

मार्क राहतील हो. दिपू?

दिपू म्हणजे माझी दिपमाला. चेंडूमागे ती खाली न बघता धावते. रोज तिला अंगणवाडीत सोडताना मी आधी हौदात डोकावते. भरलेला असला की भीती वाटते, आणि रिकामा असला की तो फार खोल दिसतो म्हणून भीती वाटते. मग गाडीत, वर्गात, डबा खाताना माझा एक कान तिकडेच असतो.

मी विषय बदलला नाही.

पहिला प्रयत्न फसला, तोही मीच फसवला. मोबाइलवर रंगीत सूचना केली, गावच्या ग्रुपवर टाकली, पंचायतीच्या भोंग्यावरून 'गावातील सर्व माता-भगिनींना' असं स्वतः वाचलं. सभेला कोण, तर अंगणवाडीच्या सेविका, आशाताई आणि मी. उपसरपंच झुलाल नानांनी सतरंजी गुंडाळायला लावली. बायांना सवड नसते, म्हणाले, आणि हसले. घरी येताना गल्लीतल्या झुंबरअक्का दारात दादर ज्वारी निवडत बसल्या होत्या. चांगली सवड दिसत होती. का नाही आलात, म्हणून मी जरा तोऱ्यातच विचारलं.

सुपावरून मान वर न करता त्या म्हणाल्या, "भोंगा कोणले बलावस? बठ्ठासले. मंग माले नही."

बठ्ठासले, सगळ्यांना बोलावलं म्हणजे त्यांना नाहीच बोलावलं. राग आला मला. एवढी मेहनत केलेली. पण गाडीत बसल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. सरांनीच वर्गात एक युक्ती शिकवली होती: प्रश्न अडला की उलटा करा. बायका का येत नाहीत हे सोडून दिलं आणि लिहिलं, बायका घरातून हमखास कधी निघतात? मरणाला निघतात, लग्नाला निघतात आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निघतात. आखाजीलासुद्धा आपणहून नाही. माहेरून मुराळी न्यायला आला तर.

गेल्या आखाजीला माझा भाऊ स्वप्नील दोंडाईचाहून आला, तेव्हा घरात कुरडयांचं काम अर्धं पडलं होतं. सासूबाई पुटपुटल्या, त्याला उन्हं कलेपर्यंत ओट्यावर बसवून ठेवलं, पण शेवटी माझी पिशवी त्यांनीच भरली. कारण सुनेला नाही म्हणता येतं. दारात बसलेल्या मुराळ्याला रिकामं परत पाठवता येत नाही. तसा कोणी पाठवलाच, तर गाव त्या घराला नावं ठेवतं.

मग मी ठरवलं. एकीनं दुसरीच्या दारात जायचं, कुंकू लावायचं, तुला न्यायला आले म्हणायचं आणि ती चपला घालेपर्यंत हलायचं नाही. मग तिनं तिसरीकडे जायचं.

पुढच्या सभेच्या आदल्या दिवशी नानांनी माझ्या नवऱ्याला, हेमराजला पारावर गाठलं. सून शिकते ते ठीक आहे, पण गाव शिकवायला लागली, असं काहीतरी बोलले. हेमराजनं घरी येऊन ते जेवताना नुसतं सांगितलं. बोलल्या सासूबाई.

"तू जावू नको उद्या. गाव हासस."

घरातच मला नाही म्हटलं गेलं होतं, आणि मला न्यायला कोणी येणार नव्हतं. साखळीची पहिली कडी मीच होते. दुसऱ्या दिवशी भांडी आटोपली, कुंकवाची डबी घेतली, मागच्या दारानं बाहेर पडले, गल्लीला वळसा घातला आणि आमच्याच घराच्या पुढच्या ओट्यावर येऊन बसले.

सासूबाई दारात आल्या. मी म्हटलं, "आई, मी तुम्हाला न्यायला आलेय."

"येडी व्हयनी का?"

मुराळी वाद घालत नाही. मी बसून राहिले. बेबाबाईंचे, म्हणजे सासूबाईंचे, दोन्ही भाऊ गेलेत. भाचे फोनवर शुभेच्छा पाठवतात. मी या घरात आल्यापासून एकाही आखाजीला त्यांच्यासाठी कोणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, मग रस्त्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मला भीती वाटत होती, पण उठले नाही.

"चहा ठेवू का?" त्यांनी विचारलं.

मुराळ्याला विचारतात तसं. चहा झाला. कुंकू लावताना त्यांनी कपाळ पुढे केलं आणि आतून ठेवणीतली साडी नेसून आल्या. वाटेत मी त्यांना पुढची साखळी सांगितली, तर झुंबरअक्कांच्या दारात मला मागे सारून त्याच पुढे झाल्या. "ऊठ व, तुले लेवाले उनू."

मी एकीलाच आणलं. बाकीच्या एकमेकींना घेऊन आल्या. सतरंजी पुरली नाही.

नानांनी विषयपत्रिका वाचली. त्यात हौद नव्हता. पुढच्या वेळी घेऊ, म्हणाले. कोणी उठलं नाही. मी बोलायला उभी राहणार तोच सासूबाईंनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

"नाना, माहेरले उनूत आम्ही. रिकामा हाते धाडतस का? साडीचोळी नको. हौदवर झाकन टाका."

मागून कोणीतरी म्हणालं, आणि जोडीला कुलूप. हशा झाला, पण कोणी जागची हलली नाही. ग्रामसेवकांनी ठराव लिहिला. नाना म्हणाले, मंजुरी, निधी, वेळ तर लागणारच. लागू द्या, सासूबाई म्हणाल्या, तोवर पोरं तुमच्या पंचायतीत बसतील, तिथं हौद नाही.

अहवाल मी पोस्टरशिवाय दिला. 'वापरलेले माध्यम' या मथळ्याखाली लिहिलं: सासूबाई. सरांनी चष्मा काढून विचारलं, हे चालेल असं वाटतं तुम्हाला? मी म्हटलं, चाललंय सर. मार्क तुम्ही ठरवा.

आज सकाळी दिपूला मी सोडलं नाही. तिच्या आजीनं सोडलं, पंचायत कार्यालयात. सेविकांनी तिथंच चटया टाकल्यात. गाडीला उशीर होत होता तरी मी दाराशी थांबून बघत राहिले. नाना पायऱ्यांवर उभे होते, हातात किल्ल्या. त्यांच्या खुर्चीवर तिघं पोरं चढली होती आणि टेबलाखाली दिपू चेंडू शोधत होती, खाली बघून.