माझ्यावरच्या तीन कुंड्या

मी एक स्ट्रेचर. चाकं चार, त्यातलं एक कायम कुरकुरतं. आता तुमची ही नवी वसाहत आहे ना, तिथे पूर्वी इस्पितळ होतं. कण्हणारी माणसं मी अलगद न्यायचो. गचका बसला की परिचारिका मलाच रागवायच्या.

पुढे इस्पितळ पाडलं. दारं-खिडक्या विकल्या गेल्या, मला मात्र कुणी विचारलं नाही. बांधकामावर मी फरश्या वाहिल्या. मग माणसं राहायला आली आणि माझं नशीब उघडलं. कुणाचं कपाट, कुणाची गादी, कुणाच्या बाळाचा पाळणा, सगळं माझ्यावरून वर गेलं. मला दोन टोकांना धरता धरता शेजारी एकमेकांच्या ओळखीचे झाले. नियम एकच होता, काम झालं की मला लिफ्टजवळ आणून ठेवायचं. नेताना सगळ्यांना घाई, आणताना मात्र "उद्या बघू". बोलणी खायचा तो बिचारा चौकीदार.

एकदा चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी गुलाबाच्या तीन कुंड्या माझ्यावरून वर नेल्या. गॅलरीत मी इतका चपखल बसलो की त्या म्हणाल्या, "राहू दे आजच्या दिवस." तो आजचा दिवस आठवडाभर चालला. खरं सांगतो, मलाही ते सुख बोचलं नाही. ऊन होतं, फुलं होती, कण्हणं नव्हतं.

मग एका सकाळी काकूंचे यजमान, काका, खालच्या पायऱ्यांवरून घसरले. "पाय मोडलाय, हलवू नका, स्ट्रेचर आणा" अशी ओरड गॅलरीत ऐकू आली. काकू तशाच जिन्याने खाली पळाल्या. लोक मला शोधत गच्चीवर धावले, तळघरात धावले. मी छातीवर कुंड्या घेऊन उभा. शेवटी चौघांनी काकांना हातापायांना धरून उचललं आणि गाडीत घातलं. त्यांची ती किंकाळी मी विसरलेलो नाही. मोडलेलं हाड आणखी सरकलं. काकांचा पाय आता सरळ पडत नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे आडवे झाले असताना, काकूंनी मला गुपचूप लिफ्टजवळ आणून ठेवलं.

काका घरी आल्यावर खाली पार्किंगमध्ये बैठक भरली. सेक्रेटरी म्हणाले, "चौकीदाराचं लक्ष नसतं. काढून टाकू त्याला." चोर सोडून संन्याशाला फाशी! चौकीदार मान खाली घालून उभा होता. काकू माझी दांडी सोडून पुढे आल्या.

"त्याला काढू नका," त्या म्हणाल्या. "स्ट्रेचर माझ्या गॅलरीत होतं. कुंड्या होत्या त्यावर. त्या गडबडीत आठवलंच नाही हो. दवाखान्यात पोचल्यावर आठवलं, आणि मग तोंड उघडवेना."

काका काठी टेकत पुढे आले.

"मला आठवलं होतं, पडल्या पडल्या," ते म्हणाले. "म्हटलं, चारचौघांत हिच्याकडे बोट कशाला दाखवू."



चौकीदार राहिला. माझ्यावर आता लाल अक्षरांत 'फक्त आजाऱ्यांसाठी' लिहिलंय. काकू रोज सकाळी येऊन कुंड्यांचे तीन गोल डाग घासतात. जिन्यात काठी वाजली की त्यांचा हात थांबतो.

काकू, पुरे करा आता. ते डाग राहू द्या. लाल अक्षरं कुणी वाचत नाही, पण ते डाग दिसले की लोक उचललेलं सामान पुन्हा खाली ठेवतात. आणि त्या उन्हात मीही सुखात होतोच की.