तक्त्यातला सतरावा

डॉ. मंजुषाच्या नावावर एकतीस शोधनिबंध होते आणि त्यांतल्या एकाच निबंधाने बाकीच्या तिसांची लाज राखली होती. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेल्या चाळीस रुग्णांवर तो लिहिला होता. रक्ताची रासायनिक तपासणी तिची, उपचार तिचा कॉलेजमित्र डॉ. चंद्रशेखर याचे. विषावरचा उतारा निम्म्या मात्रेत दिला तरी माणसे जगतात, असा निष्कर्ष. चाळिसांपैकी सदतीस जगले होते. वैद्यक आणि रसायन, दोन्ही शाखांतल्या चारशे बारा निबंधांनी त्याचा आधार घेतला होता. त्याच बळावर पंधरा दिवसांनी यवतमाळात तिची प्राध्यापकपदाची मुलाखत होती.

त्याआधी, उपचारांना सात वर्षे झाल्यावर त्या सदतीस जणांच्या नसांची अवस्था काय, हे पाहायला ती निघाली. तक्त्यातला सतरावा रुग्ण, धावजी, फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा. दारात त्याची बायको बिजलीबाई तुरीच्या शेंगा सोलत होती.

"धावजी आहेत का घरी?"

"कोन पाह्यजे?" बिजलीबाईचे हात थांबले. "तो त दवाखान्यातून आणल्यावर चवथ्या दिवशी गेला, बाई."

"पण त्यांना तर सुटी झाली होती."

"डॉक्टर म्हणे, आता इथं ठिवून काही फायदा नाई, घरी नेता काय? मी हो म्हणलं. कागदावर अंगठा देल्ला." मग तिने मंजुषाच्या हातातल्या फायलीकडे बोट केले. "त्यात काय लिवलं हाय?"

मंजुषाला खोटे बोलता आले नाही. "जिवंत, असं लिहिलं आहे."

"जित्ता हाय? मंग पाठवून द्या ना घरी! तुमच्यापाशीच ठिवलं काहून त्याले?"

बिजलीबाई हसली आणि लगेच तिने पदराने तोंड झाकून घेतले.

तक्ता मंजुषानेच आखला होता. रकाने दोनच : सुटी, म्हणजे जिवंत, आणि मृत्यू. नातेवाइकांनी 'स्वमर्जीने' घरी नेलेले अकरा जण कुठे घालायचे, असे तिने तेव्हा विचारलेही होते. "दारातून श्वास घेत बाहेर गेला, तो जगला," असे चंद्रशेखर म्हणाला होता, आणि तिने अकरा नावे पहिल्या रकान्यात लिहिली होती. आता आठवडाभर ती उमरखेडपासून कळंबपर्यंत त्या अकरा घरी फिरली. नऊ घरांत तिला तसबिरींना घातलेले हार दिसले.

"सदतीस नाही, अठ्ठावीस," तिने चंद्रशेखरला सांगितले. "आपला निबंध मागे घ्यावा लागेल."

"मंजू, चारशे बारा लोकांनी वाचला, एकालाही शंका आली नाही. तुलाच काय झालं? अन् मुलाखत?"

"ते चारशे बारा त्या घरांत गेले नाहीत. आजही कुणीतरी आपल्या भरवशावर निम्मा उतारा देतंय."

"मी सही करणार नाही."

तिने एकटीच्या सहीने नियतकालिकाला पत्र पाठवले आणि त्याची प्रत मुलाखतीच्या टेबलावरही ठेवली. पद दुसऱ्याला मिळाले. आठ महिन्यांनी नियतकालिकाने निबंधावर 'मागे घेतला' अशी तांबडी पट्टी छापली. चंद्रशेखरने तिचे फोन घेणे बंद केले.

सायटेशनचा, म्हणजे आधार घेणाऱ्या निबंधांचा, आकडा मात्र पट्टीला जुमानेना. चारशे एकोणीस. चारशे सव्वीस. जुन्या संदर्भयाद्यांतून निबंधाचे नाव उचलले जात होते आणि पट्टीपर्यंत कुणी पोहोचतच नव्हते. मग ती प्रत्येक लेखकाला वेगळे पत्र लिहू लागली : उतारा पूर्ण मात्रेतच द्या, आमची आकडेवारी चूक होती.

बहुतेकांनी उत्तर दिले नाही. दूरच्या एका जिल्ह्यातल्या तरुण डॉक्टरने मात्र तत्परतेने आणि फार आदराने लिहिले : "मॅडम, आपण उगाच स्वतःला दोष देता आहात. गेल्या हंगामात आम्ही आपल्याच पद्धतीने सव्वीस रुग्णांवर उपचार केले. मृत्यू फक्त दोन. चोवीस जणांना सुटी झाली."

मंजुषाने ते पत्र दोनदा वाचले. मग उत्तरात एवढेच लिहिले : "त्या चोविसांपैकी स्वमर्जीने नेलेले किती? त्यांच्या घरी कुणाला तरी पाठवा. आजच."

त्याचे उत्तर आले नाही. दसऱ्यानंतर त्या डॉक्टरचा निबंध छापून आला आणि तिचा आकडा एकाने वाढला.