मडगार्डवरची दोन वाक्यं

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे आणि मला बोलता येत नाही. आजवर याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. फार आवाज करणारी यंत्रं लवकर भंगारात जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण गेल्या रविवारी सकाळी अशी दहा मिनिटं आली की, एक शब्द बोलता यावा म्हणून मी चारही चाकं देऊन टाकली असती. ती दहा मिनिटं मला सांगायची आहेत. त्याआधी माझी थोडी ओळख करून घ्या, नाहीतर माझी भीती तुम्हाला कळायची नाही.

मी कारखान्यातून निघालो तेव्हा माझा रंग गडद निळा होता. आबांनी मला घरी आणलं त्या दिवशी ते माझ्यावरून खाली उतरायलाच तयार नव्हते. तेव्हा ते आबा नव्हते, तिशीतले ताठ मानेचे जवान गृहस्थ होते. मी नांगर ओढला, खताची ट्रॉली ओढली, चिखलात रुतलेल्या दुसऱ्यांच्या गाड्या ओढल्या. शेजारी म्हणायचे, "आबांचा ट्रॅक्टर म्हणजे हत्ती आहे." मला ते ऐकायला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या वर्षी माझं किल्लीचं स्विच बिघडलं. नवं आणायचं म्हणता म्हणता राहिलं आणि आबांनी एक युक्ती शोधली. जमिनीवरच, माझ्या मोठ्या चाकापुढे उभं राहायचं आणि स्टार्टरच्या दोन बोल्टांवर लांब स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवायचा. ठिणगी उडाली की मी सुरू. मित्रांनो, हे तुम्ही कधीही करू नका. का, ते लगेच कळेल.

एकदा मी गिअरमध्ये राहिलो होतो. आबांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि मी जागच्या जागी सुरू होण्याऐवजी थेट पुढे निघालो. आबा मागे सरकले, पण पुरते नाही. माझं चाक त्यांच्या डाव्या पायावरून गेलं. मी यंत्र आहे, मला आपणहून थांबता येत नाही. त्या पायाची तीन बोटं गेली. आबा आजही थोडे डावीकडे झुकून चालतात आणि त्यांची चाल दिसली की मला माझं चाक आठवतं.

आबांची बायको मोजकं बोलणारी होती. नवरा दवाखान्यातून घरी आला त्या संध्याकाळी ती खिडक्यांचा उरलेला पांढरा रंग घेऊन आली. स्टार्टरच्या बाजूच्या मडगार्डवर, उभ्या माणसाच्या नजरेसमोर, तिनं दोन वाक्यं लिहिली.

"आधी दांडा हलवा. दुसरा पाय माझा आहे."

गिअरचा दांडा सैल हलला, तर गाडी न्यूट्रलमध्ये आहे असं समजायचं. मग ती सुरू झाली तरी जागची हलत नाही. आबा ते वाचून हसले आणि त्या दिवसापासून त्यांनी नियम केला. मला उभं करताना न्यूट्रलमध्ये ठेवायचं, चाकाखाली लाकडी ठोकळा लावायचा, आणि सुरू करण्याआधी दांडा हलवून बघायचा. पहिली काही वर्षं ते ती अक्षरं वाचायचे. नंतर वाचायची गरज उरली नाही. नजर पांढऱ्या अक्षरांवर पडली की हात आपोआप दांड्याकडे जायचा. बत्तीस वर्षं असं चाललं.

पुढे आबांची बायको गेली. आबांचे गुडघे दुखू लागले. शेताची लिंबाची बाग झाली आणि तिच्या अरुंद रांगांमध्ये माझं धूड मावेना. एका फेरीत मी तीन फांद्या मोडल्या, तेव्हा मला पत्र्याच्या शेडमागे नेऊन ठेवलं. तिथे मी अकरा वर्षं काढली. माझ्या सीटखाली मांजरीची दोन बाळंतपणं झाली. वेल बॉनेटवरून चढून पलीकडे उतरली. माझं कोणी वाईट केलं नाही, फक्त कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.

मग गेल्या वर्षी सूनबाईनं छोटा ट्रॅक्टर घेतला. बाग आता तीच सांभाळते. तो आला तेव्हा मी वेलीतून डोकावून पाहिलं आणि नाक मुरडलं. माझ्या कमरेएवढा जीव, आवाज शिवणयंत्रासारखा. पण पोरगं कामाचं निघालं. फांद्यांखालून असं जायचं की एक लिंबू पडायचं नाही. सूनबाई त्याच्यावर बसली की तिचा चेहरा दहा वर्षांनी लहान व्हायचा. तिनं सीटवरचं प्लास्टिक महिनाभर काढलं नाही आणि संध्याकाळी अंग पुसल्याशिवाय त्याला आत नेलं नाही. आबा आधी म्हणाले, "खेळणं आहे." नंतर एकदा ती बाजारात गेली असताना ते गुपचूप त्याच्यावर बसून बागेला चार चकरा मारून आले. उतरताना त्यांनी सीटही पुसली, चोरी कळू नये म्हणून.

त्या छोट्यानंच मला शेडमागून ओढून बाहेर काढलं. हत्तीला उंदरानं ओढावं, तसा तो देखावा होता. सूनबाई म्हणाली, "आबा, तुमचाही आता सुरू करू या." दुसऱ्याच दिवशी आबांनी जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या फिटरला निरोप धाडला.

हा फिटर म्हणजे फार चोख माणूस. आठ महिने तो दर रविवारी आला. गंजलेले नट त्यानं डिझेलमध्ये भिजत घातले, माझं इंजिन उघडलं, एकेक भाग पुसून जुन्या चादरीवर ओळीनं मांडला. आबा शेजारी स्टुलावर बसून सांगायचे, "हा बोल्ट मी बसवलेला," आणि फिटर म्हणायचा, "म्हणूनच उलटा आहे." ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे होते.

फक्त एक चूक झाली. आबा तापानं घरात पडले होते, त्या रविवारी फिटरनं काचपेपर घेऊन माझं मडगार्ड घासलं. गंज गेला आणि त्याबरोबर पांढरी अक्षरंही गेली. चोख माणसानं चोख काम केलं, त्याला काय ठाऊक! मला मात्र ते अक्षरागणिक कळत होतं. आबा बरे होऊन आले तोवर तिथे निळा रंग चमकत होता. त्यांनी मडगार्डवरून हात फिरवला.

"इथं काहीतरी राहिलंय," ते म्हणाले.

"काही नाही राहिलं, आबा. दोन हात मारलेत रंगाचे."

आबांनी मान हलवली आणि विषय तिथेच संपला.

आता तो रविवार. आदल्या दिवशी सूनबाईनं मला ओढून अंगणात आणलं होतं. आमचं अंगण पाण्याच्या टाकीकडे उतरतं. टाकी सिमेंटची, आणि माझं तोंड तिच्यापासून जेमतेम चार हातांवर. छोटा विकत घेताना तिला शिकवलं होतं, उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवायची. छोट्याच्या बाबतीत ते अगदी बरोबर आहे. त्याच्या सीटवर बसून क्लच दाबल्याशिवाय तो सुरूच होत नाही. तिनं प्रेमानं, काळजीनं मलाही तसंच ठेवलं. पहिल्या गिअरमध्ये, चाकाखाली ठोकळा न लावता. माझ्यात मात्र असली काही सोय नाही.

सकाळी तिनं छोट्याला माझ्या शेजारी उभा करून सुरू ठेवला आणि त्याच्या बॅटरीवरून माझ्या बॅटरीला वायरी जोडल्या. फिटर नवं स्विच आणायला गेला होता. "आबा, ते येईपर्यंत हात नका लावू हं," असं सांगून ती घरात गेली. आबा हो म्हणाले. पण अकरा वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला अर्धा तास जड जातो. ते शेडमध्ये स्क्रूड्रायव्हर शोधू लागले.

तेवढ्यात सूनबाई रंगाचा डबा घेऊन परत आली. माझ्या पुढच्या जाळीचा एक कोपरा रंगवायचा राहिला होता. ती टाकी आणि मी यांच्यामधल्या चार हातांच्या जागेत उकिडवी बसली आणि ब्रश बुडवला. आबा शेडमधून आले ते माझ्या मागच्या बाजूनं. माझं बॉनेट उंच, ती खाली बसलेली. छोट्याच्या आवाजात दोघांनाही एकमेकांची चाहूल लागली नाही.

आबा माझ्या मोठ्या चाकापुढे उभे राहिले. माझा जीव टांगणीला लागला. सूनबाई पुढे काहीतरी गुणगुणत होती. ब्रशचे केस मला जाळीवर जाणवत होते, आणि त्याच वेळी आबांनी घाईत, वर न बघताच, स्टार्टरवर स्क्रूड्रायव्हर टेकवला.

टक्.

एवढाच आवाज झाला. माझ्या बॅटरीची एक वायर सैल होती. त्या सैल वायरीपायी मी आयुष्यभर बोलणी खाल्ली, पण त्या क्षणी तिच्याइतकं जवळचं मला कोणी नव्हतं. आबांना वाटेल सुरू होत नाही, जातील परत, असं मी मनाशी म्हणालो. पण ते आबा होते. त्यांनी खिशातून पाना काढला. "तुझी ही खोड काही गेली नाही," असं पुटपुटत त्यांनी नट आवळायला घेतला. एक फेरा. दुसरा. तिसऱ्याला वायर घट्ट बसली. आता मी नक्की सुरू होणार होतो. मला माझं स्वतःचं बळ कधी नव्हे इतकं नकोसं झालं.

त्यांनी पुन्हा स्क्रूड्रायव्हर धरला आणि तो बोल्टांपासून बोटभर अंतरावर नेला. आणि बत्तीस वर्षांच्या सवयीनं त्यांची नजर वर मडगार्डकडे गेली.

तिथे काहीच नव्हतं. कोरा निळा रंग होता.

आबांचा हात हवेत थांबला. ते त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. हरवलेली वस्तू नेहमीच्या कोनाड्यात शोधावी, तशी त्यांची नजर तिथे फिरत होती. ओठ हलले. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली केला, दुसरा हात लांब करून गिअरचा दांडा धरला आणि हलवला.

दांडा हलला नाही.

"सूनबाई?" त्यांनी मोठ्यानं हाक मारली.

"हां आबा, इथंच आहे. पुढे, खाली. जाळी रंगवतेय."

आबा तिथेच जमिनीवर बसले. ती धावत आली, तिच्या हातातल्या ब्रशमधून निळे थेंब गळत होते. "काय झालं? चक्कर आली का?" त्यांनी नुसता दांड्याकडे हात केला. मग हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे, मग टाकीकडे. तिला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तीही त्यांच्याशेजारी बसली. छोटा आपला सुरूच होता, त्याला बंद करायचंही कोणाच्या लक्षात आलं नाही.

फिटर आला तेव्हा ती दोघं तशीच बसलेली होती. सगळं ऐकून तो खाली मान घालून म्हणाला, "अक्षरं मी घासली, आबा."

"गिअरमध्ये मी ठेवला," सूनबाई म्हणाली.

"आणि हात लावू नका म्हटल्यावर हात मी लावला," आबा म्हणाले. "चला, वाटणी झाली. आता पांढरा रंग आणा."

आधी नवं स्विच बसलं. तो लांब स्क्रूड्रायव्हर आबांनी स्वतः फिटरच्या पेटीत टाकला. मग सूनबाईनं मडगार्डवर पहिलं वाक्य लिहिलं, सुबक, एका ओळीत: "आधी दांडा हलवा." दुसरं वाक्य आबांनी सांगितलं तेव्हा तिनं ब्रश त्यांच्या हातात दिला. "हे मी कसं लिहू? ते तुम्हीच लिहा."

आबांनी ब्रश रंगात बुडवला. "दुसरा" वर चढला, "पाय" खाली घसरला आणि "माझा आहे" लिहिताना त्यांनी तीनदा डोळे पुसले. मला त्या अक्षरांचा ओलावा आतपर्यंत जाणवत होता. माझ्या चाकानं बोटं घेतली होती त्या माणसाची, आणि तरी त्यानं ते माझ्याच अंगावर लिहिलं.

दुपारी आबा माझ्यावर चढले. त्यांनी दांडा हलवला, किल्ली फिरवली आणि मी सुरू झालो. आम्ही अंगणातून रस्त्यापर्यंत गेलो आणि परत आलो. सूनबाई छोट्यावर बसून मागून येत होती. निघताना तिनंही दांडा हलवून पाहिला. छोट्याला त्याची गरज नाही, पण तो काही बोलला नाही. पोरगं समजूतदार आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंचा गंज जरूर काढा, त्यांना नवा रंग द्या, आम्हालाही नटायला आवडतं. फक्त काचपेपर हातात घेण्याआधी, आमच्या अंगावर कोणी काही लिहून ठेवलं आहे का, ते एकदा वाचा. वाचता आलं नाही, तर घरातल्या थकलेल्या माणसाला हाक मारा. तो तापानं झोपला असेल, तर तो बरा होईपर्यंत थांबा.

आम्हाला बोलता येत नाही हो.