चौतीस इंची बाही

मी एक जुनी फाइल आहे. कागदाची नव्हे, संगणकातली. पुरुषांचा शर्ट घरी कसा शिवावा, याची ब्याण्णव पानं माझ्या पोटात आहेत. शिवणकाम शिकवणाऱ्या एका बाईंनी मला जन्म दिला. एका बोटाने टाइप करायला त्यांना दोन वर्षं लागली, आणि मध्येच कधीतरी बाहीच्या लांबीपुढे चोवीसच्या जागी चौतीस इंच पडले. प्रकाशकबाईंनी छापताना ती चूक सुधारली. पुस्तक शहाण्यासारखं दुकानात गेलं. मी मात्र चौतीस इंच पोटात घेऊन घरच्या संगणकातच राहिले.

बाईंचे यजमान म्हणजे चाळीस वर्षं टपाल वाटून एकही पत्र चुकीच्या दारात न टाकलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांना जुन्या सिनेमांचं वेड लागलं. फुकट सिनेमे मिळवून देणारा एक प्रोग्रॅम त्यांनी संगणकात घातला. त्याने विचारलं, तुमच्याकडचं काय काय इतरांना द्यायचं? यजमानांनी न वाचताच सगळ्याला होकार दिला. एखाद्या पावतीवर त्यांनी अशी सही जन्मात केली नसती.

मित्रांनो, या वाटपाची रीत ऐका. इथे माल एका गोदामातून निघत नाही. ज्याच्याकडे फाइल आहे तो तिचे तुकडे पाठवतो, घेणारा ते जुळवतो, आणि जुळवता जुळवताच पुढच्याला देऊ लागतो. म्हणजे घेणारा प्रत्येकजण देणाराही होतो. यात या रीतीचा दोष नाही. स्वतःची वस्तू खुशाल पाठवावी. दुसऱ्याची पाठवायची तर मात्र त्याला विचारावं लागतं, कायदाच तसा आहे. इथे कुणी कुणाला विचारलं नाही. आठवड्याभरात माझ्या हजारभर प्रती झाल्या. खरं सांगते, मी हुरळून गेले. छापलेलं पुस्तक तेव्हा दुकानात धूळ खात होतं.

एके दिवशी भाजी आणायला गेलेल्या बाईंना एक गृहस्थ दिसले. शर्टाची कॉलर अगदी बाईंच्या पद्धतीची, पण बाह्या तीन घड्या घालूनही पंजावर उतरत होत्या. पुढच्या वळणावर तसलेच आणखी एक. बाई चक्रावून घरी आल्या, तर वकिलाची नोटीस येऊन पडलेली. पुस्तकाचे हक्क प्रकाशकबाईंना दिलेले असताना तेच पुस्तक या घरातून फुकट वाटलं जात आहे, सबब दुसऱ्या पुस्तकाचा करार थांबवला आहे, असं तीत लिहिलं होतं. मुलांच्या कपड्यांचं ते दुसरं पुस्तक म्हणजे बाईंच्या सबंध आयुष्याची शिदोरी होती. शिवाय स्वतःच्याच पुस्तकाच्या चोरीचा आळ. बाई खुर्चीत बसल्या त्या उठेनातच.

मग नोटिशीला जोडलेलं, फुकट वाटल्या गेलेल्या प्रतीतलं पान त्यांनी पाहिलं.

"चौतीस," त्या म्हणाल्या. "हा आकडा छापलेल्या पुस्तकात नाही, आपल्या संगणकातल्या फाइलीत आहे. तुम्ही काय केलंत?"

"मी फक्त सिनेमे घेतले गं," यजमान म्हणाले. "दिलं कुणाला काही नाही."

पण बोलता बोलताच त्यांना तो होकार आठवला, आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. चार दिवसांनी ते प्रकाशकबाईंकडे कबुली द्यायला गेले, तेही पुरावा म्हणून माझ्या मापाचा शर्ट घालून. बाईंनीच तो शिवून दिला होता. तिथे चहाचा कप त्यांना बाहीतूनच धरावा लागला. प्रकाशकबाई आधी खूप रागावल्या आणि मग त्यांना हसू आवरेना. करार पुन्हा सुरू झाला. अट एकच होती, जिथे जिथे मी आहे तिथे तिथे मला काढून टाका, असं यजमानांनी घेणाऱ्यांना लिहायचं. त्यांनी प्रोग्रॅमच्या यादीतून मिळाले तेवढे पत्ते उतरवून घेतले, मग तो प्रोग्रॅम काढला, सिनेमे पुसले आणि चारशे पत्रं लिहिली. एकही चुकीच्या पत्त्यावर गेलं नाही.

तरी मी पुरती परत आले नाही. तुकड्या-तुकड्यांनी गेलेलं कुणाला गोळा करता येतं? त्याचं मला वाईट वाटतं. परवाच एका अनोळखी माणसाने बाईंना कळवलं की शर्ट सुरेख झाला, फक्त हात सापडत नाहीत, काय करू?

बाईंनी उत्तर धाडलं, "पुस्तक विकत घ्या. बाह्या आपोआप आखूड होतील."

माझ्यातली चूक त्यांनी अजून सुधारलेली नाही. चोर ओळखायला बरी पडते म्हणतात. तेव्हा मित्रांनो, मी कुठे फुकट भेटले तर आधी बाईंना विचारा. दोन वर्षं त्यांचं ते एक बोट दुखलं आहे. आणि विचारायचं नसेलच, तर दर हाताला दहा इंच कापड जास्त आणा.