अठरा नंबर

आमच्या कुरखेड्याच्या ग्राऊंडवर पोलीस भरतीवाले पोट्टे पहाटे धावतात. तिथीच सिनेमावाले आले. सिनेमा पुढच्या जमान्यातला. आभाळातल्या दुश्मनासोबत लढाले खेड्यातले पोट्टे तयार करतात, असा. त्यायले परेड येणारे पाह्यजे होते. आमाले येत होती. वीस जण घेतले, राहाची सोयही तिथीच.

मी सतरा नंबर. माहा दोस्त प्रणित अठरा. दोन भरत्या त्याच्या दोन-दोन मार्कानं हुकल्या होत्या, म्हणून इथी त्याले काईच चुकवाचं नव्हतं.

डायरेक्टरनं पह्यल्याच दिवशी सांगतलं, शूटिंग संपेपर्यंत नाव बंद, फक्त नंबर. नावाले जो वळन त्याले ग्राऊंडचे दहा चक्कर. काळे हेल्मेट दिले. हुकूम झाडाले बांधलेल्या भोंग्यातून यायचा.

आता पोट्टेच आमी. फसवाले मांगून एकमेकाची नावं घेऊन राह्यलो. मी म्हटलं, "प्रणित, तुही माय आली." वळला बिचारा. दहा चक्कर. सारे हासले. दुसऱ्या दिवशीही फसला.

तिसऱ्या दिवशी नाई वळला.

चौथ्या दिवशी त्याची माय, रुखमाबाई, खरंच आली डबा घेऊन. चारदा हाक मारली. हा समोर पाहून उभा. डबा मीच घेतला, म्हटलं बाई, ड्युटीवर आहे तो. खरं सांगतो, मले तवा मजाच वाटली.

दहाव्या दिवशी जंगलातला सीन. भर दुपार. सागाच्या बनात लाईनीनं चालाचं, भोंगा म्हणन तवा थांबाचं. भोंगा म्हणला. एकोणीस थांबले. प्रणित चालतच गेला, नाल्याच्या पल्याड.

अर्धा तास आमी त्याच्या नावानं बोंबललो. काईच नाई. पाखरंही गप.

मंग मी म्हटलं, "अठरा." हळूच म्हटलं.

"हो सर."

माह्या मांगं हातभर अंतरावर उभा होता.

थांबला काऊन नाई, विचारलं. म्हणे, मले थांब म्हटलंच नाई. कोणं? त्यानं हेल्मेटले बोट लावलं. मी काढून पाह्यलं. आत नुसता फोम. ना वायर, ना स्पीकर.

डायरेक्टर त्याच्यावर लय खूश होता.

बाराव्या दिवशी शूटिंग संपलं. हेल्मेट घेऊन ते लोक गेले. प्रणित घरी गेला अन् अंगणात सावधान उभा राह्यला. रुखमाबाई दोन दिवस नावानं हाका मारत होती, गालावर हात फिरवत होती. त्यानं पाणीही घेतलं नाई. मी नंबर घ्याले तोंड उघडलं तर तिनं हात उगारला. म्हणे, याचं नाव मी ठेवलं आहे, या घरात नंबर चालाचा नाई.

तिसऱ्या दिवशी त्याचे ओठ फाटले. तवा तीच माह्या घरी आली.

"किती नंबर होता रे त्याचा?"

मी सांगतला. मांगं मांगं गेलो.

तिनं भात वाढला. पाण्याचा गिलास ठेवला.

"अठरा," म्हणली मंग. "जेव."

"हो सर."

प्रणित बसला. भराभर जेवला. ताट रिकामं झालं तरी त्याचा हात ताटातून तोंडाकडं जाऊनच राह्यला होता. रुखमाबाईनं माह्याकडं पाह्यलं. "अठरा, थांब" एवढंच म्हणाचं होतं, ते तिलेही माहीत होतं.

तिनं आणखी भात वाढला.