मायाप्पाच्या मागची भिंत

बसवंतने फोटोभोवतीच्या करड्या जागेवर माऊसचं उजवं बटण दाबलं, रंगांच्या चौकोनातून निळा निवडला आणि खुर्ची मागे सरकवली. पडद्याच्या मधोमध मायाप्पा होता तसाच राहिला, त्याच्या चारी बाजूंनी मात्र निळं निळं झालं.

"असा निळा?" त्याने विचारलं.

मनुबाईने स्टुलावरून मान पुढे काढली. नवऱ्याकडे बघितलं, निळ्याकडे बघितलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"एवढा न्हाय वाटतं. पांढराच असंल बगा."

"परवा निळा म्हनलासा, आक्का. त्याच्या आदी पिवळा."

"म्हनले असंन."

गिऱ्हाइकाला त्याच्या भिंतीचा रंग विचारणारा फोटोवाला अख्ख्या शहापुरात हा एकच. लोक हसायचे. हसू देत. बसवंत विणकराच्या घरचा. साडीचा काठ ठरवताना त्याचे वडील धाग्याची लडी नुसती बघून कधीच हो म्हणत नसत, साडीच्या अंगाच्या रंगावर ठेवून बघत. तोच लाल हिरव्यावर पेटून उठतो आणि चॉकलेटीवर झोपतो, हे बसवंतने लहानपणीच डोळ्यांनी पाहिलेलं. माग सुटला, हातात कॅमेरा आला, कॅमेऱ्याच्या मागोमाग कॉम्प्युटर आला, पण खोड काही गेली नाही. गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून द्यायचा असला, की तो फोटोबाहेरची मोकळी जागा त्या घरच्या भिंतीच्या रंगाची करायचा आणि मग चेहऱ्याला हात लावायचा. करड्यावर झकास दिसणारा माणूस पिस्ता रंगाच्या भिंतीवर गेला की कावीळ झाल्यासारखा दिसतो. मेल्यावर तरी माणूस आजारी दिसू नये, एवढंच त्याचं म्हणणं.

मायाप्पाचा फोटो हमालीच्या जुन्या ओळखपत्रावरचा. निम्म्या गालावर शिक्का, कपाळावर घडी. बसवंतने शिक्का पुसला, घडी मोडली आणि सवयीने विचारलं होतं, "थोडा गोरा करू काय?"

"नगं बाई! पोराला वळखू ईना झाला तर?"

आता खोटं कशाला बोला, फोटो दुसऱ्याच दिवशी तयार होता. भिंत पांढरी असो नाहीतर पिवळी, उरलेलं काम दहा मिनिटांचं. पण त्याची बायको अंजनी जाऊन तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं आणि पासपोर्ट फोटोची गिऱ्हाइकं मोबाईलने कधीच पळवली होती. सकाळी शटर वर केलं की दुपारी खाली करेपर्यंत बसवंतच्या तोंडून शब्द म्हणून बाहेर पडत नसे. मनुबाई अनगोळवरून अकराच्या सुमाराला यायची, बशीत चहा ओतून फुंकर घालत प्यायची, मायाप्पाच्या मार्केट यार्डातल्या गोष्टी सांगायची. तासभर दुकानात बाईमाणसाचा आवाज असायचा. उठताना बसवंत म्हणायचा, "रंग तेवढा नक्की करून या, आक्का." म्हणजे परत यावं लागेल, हा त्याचा हिशोब. तीनदा आली. आजची चौथी खेप.

"पर आज द्याच," मनुबाई म्हणाली. "पुतण्या हाय न्हवं माजा, युवराज, गाडी चालवतोय त्यो? परवा बेंगळूरला निगालाय. त्याच्या हाती धाडायचा. समाधानच्या नव्या घरात बापाचा फोटो न्हाय."

"समाधाननं मागिटलाय?"

"त्यो कशाला मागंल? आईनं द्यायचा असतोय."

बसवंतला चेष्टा सुचली. गेले चार-पाच दिवस त्याला अशा चेष्टा सुचायला लागल्या होत्या.

"दोन वर्सं झाली म्हनता घराला. आनि पोराच्या घरची भित ठावं न्हाय व्हय तुमाला? कसली आई वो तुमी!"

मनुबाई हसली नाही. तिने बशी खाली ठेवली आणि बशीवर कप नीट ठेवला.

"बगितलीच न्हाय तर ठावं कशी आसंल, अण्णा?"

बसवंतने माऊसवरचा हात काढला.

"घरभरणीला सुनंकडची मानसं लई आलती म्हनं," ती म्हणाली. "जागा पुरली नसती. मागनं बोलावतो म्हनलाय. कामाचं पोर, त्याला तरी कुटला येळ."

बसवंतला थोबाडीत बसल्यासारखं झालं. एका कपभर चहाच्या सोबतीसाठी आपण या बाईला चार वेळा तोच प्रश्न विचारला. आणि ती चार वेळा अनगोळवरून चालत आली, वाटेत एक-एक रंग ठरवत. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने उगाचच कीबोर्ड फडक्याने पुसला.

"युवराजच्या फोनात तितला एकांदा फोटो आसंल?"

"आसंल की. त्याला धाडतोय समाधान. माजा ह्यो बटनांचा."

तिच्या फोनवरून नंबर बघून बसवंतने आपल्या फोनवरून युवराजला लावला. पाच मिनिटांत फोटो आला. नातवाचा वाढदिवस होता. केक, टोप्या, सोफ्यावर समाधान आणि त्याची बायको, फुगे. फुग्यांच्या मधून हातभर भिंत दिसत होती. बसवंतने फोटो कॉम्प्युटरवर घेतला, भिंतीवर जिथे सावली नव्हती अशी जागा शोधली आणि रंग उचलायचं ड्रॉपर तिथे टेकवलं. मग मायाप्पाच्या फोटोवर परत येऊन निळ्याच्या जागी तो रंग भरला. मेनू, पट्ट्या, सगळं लपवून पडदा पूर्ण मोकळा केला.

चहात दूध जास्त पडल्यावर येतो तसा रंग. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये मायाप्पा, हमालाच्या डगल्यात, घाबरल्यासारखा ताठ.

"ही व्हय?" मनुबाईने हळूच विचारलं.

"हीच. त्यांच्या हॉलची भित."

त्याने मायाप्पाच्या गालावरचा काळोख जरा उचलला, डगल्याचा पांढरा थोडा मळवला. आता तो त्या भिंतीवर चांगला दिसत होता. घरचाच वाटत होता. बसवंत प्रिंटचं बटण दाबणार एवढ्यात मनुबाईने त्याच्या मनगटाला हात लावला.

"ह्यास्नी जरा बाजूला करा की."

"का वो? काय ऱ्हायलंय?"

"भित बगू द्या."

बसवंतने माऊसने मायाप्पाला धरलं आणि डावीकडे सरकवत सरकवत पडद्याबाहेर नेऊन ठेवलं. उरला नुसता रंग. मनुबाईने स्टूल पुढे ओढलं. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. आणि कोणाच्या घरी गेल्यावर बसतात तशी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, पाय जवळ ओढून, हात मांडीवर ठेवून बसली. बसवंत उठून दारात जाऊन उभा राहिला. बराच वेळ त्याने मागे वळून बघितलं नाही.

"अण्णा," तिने हाक मारली. "ह्यांचा फोटू जाऊ दे पोराकडं. मला ही भित काडून द्या."

"निसती भित?"

"व्हय. मोटी. ह्यांच्याएवडीच."

बसवंतने आधी मायाप्पाची प्रिंट काढली. मग तेवढ्याच मापाचा कोरा कागद पडद्यावर उघडला, तोच रंग भरला आणि परत बटण दाबलं. प्रिंटर नेहमीसारखाच कुरकुरला. मनुबाईने हात लुगड्याला पुसले आणि कागद दोन्ही कडांना धरून उजेडात नेला. त्यावर काहीच नव्हतं. ती मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघत होती.

"फ्रेम बसवून देतो दोन्हींना," बसवंत म्हणाला, आणि पट्टी कापायला घेता घेता सवयीने बोलून गेला, "तुमच्या भितीचा रंग कुटला, आक्का?"

बोलला आणि जीभ चावली. पण मनुबाई आज पहिल्यांदा मोकळं हसली.

"मला सांगाय येतंय व्हय रंग? चार दीस झालं बगताय न्हवं तुमी! या आनि बगा. खिळा मारायला तरी कोन हाय घरात?"

"कवा येऊ?"

"या की. मी घरातच असतीया."

बसवंतने दोन्ही फ्रेमा जोडल्या, काचा पुसल्या. मग ड्रॉवर उघडून हातोडी बाहेर काढली आणि कोऱ्या फ्रेमशेजारी ठेवली.